इलेक्ट्रिक शेगडी काढून गॅस बसवायचाय, सल्ला द्या (जळगाव)

पारोळेकर
नमस्कार मंडळी. जळगावात फ्लॅट घेतलाय. आधीच्या मालकांनी ओटा कापून त्यात काचेची, चार चुलींची इलेक्ट्रिक शेगडी बसवलेली आहे. तिच्यासाठी ३२ अँपिअरचा वेगळा पॉइंट आहे. गावाहून आई राहायला आलीये आणि तिची कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी त्यावर फुगतच नाही. तव्यावरून उतरवून काचेवर टाकली की वाळून कडक होते. "भाकर इस्तोवरच फुगस," म्हणजे विस्तवावरच फुगते, असं तिचं म्हणणं. भरताची वांगी भाजायचा तर प्रश्नच मिटला. वैशाखात वीज गेली की सगळा स्वयंपाक अडतो ते वेगळंच. गॅस घ्यायचं पक्कं आहे. त्या खाचेत बसणारा हॉब घ्यावा की ओट्यावर ठेवायची साधी शेगडी? सिलिंडर ओट्याखालच्या कपाटात चालेल का? खर्चात किती फरक पडेल?

चाळीसगावची ताई
दादा, आईंचं अगदी बरोबर आहे. भाकरीला तव्यावरून काढल्यावर उघडी आच लागते, तेव्हाच आतली वाफ पापुद्रा उचलते.

हॉब की शेगडी, हे तुमच्या घरात काय शिजतं त्यावर ठरवा. खापरावरचे मांडे (मातीच्या उलट्या भांड्यावर भाजायच्या मोठ्या, पातळ पुरणपोळ्या) होणार असतील तर काचेच्या हॉबवर ते अजिबात करू नका. खापर रुंद असतं, आच त्याखाली कोंडून परत काचेवर येते आणि काच तडकू शकते. आमच्याकडे रोजच्यासाठी स्टीलची तीन बर्नरची शेगडी आहे आणि मांड्यांसाठी जाड बिडाची एक वेगळी. बर्नर पितळेचे घ्या, पसरट भांड्यांसाठी एक मोठा असू द्या. भरताची वांगी थेट बर्नरवर न ठेवता जाळीवर भाजा. रस आणि जळकी साल भोकांत पडली की आच पिवळी होते, भांडी काळी पडतात. काड्यांवर भाजलेल्या वांग्याची चव गॅसला येत नाही, हे मात्र आधीच सांगते. आम्ही थंडीत भरतासाठी शेतातच जातो.

भुसावळचा वायरमन
जिभाऊ, आधी विजेचं बघा. शेगडी काढाल तेव्हा त्या पॉइंटचा एमसीबी (विजेच्या पेटीतला त्याचा खटका) बंद करून वायरची टोकं नीट झाकून घ्या. उघडी वायर ओट्याखाली आणि तिथेच सिलिंडर, असं कधीच नको.

कपाटाचं म्हणाल तर एलपीजी हवेपेक्षा जड असते. गळाली तर वर उडून जात नाही, जमिनीलगत साचते. म्हणून बंद कपाट चालत नाही. दाराला अगदी खाली जाळी हवी आणि ती मोकळी राहायला हवी. सिलिंडर उभाच ठेवायचा, शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर. नळी आयएसआय शिक्क्याची सुरक्षा नळी घ्या, दीड मीटरपेक्षा लांब नको, भिंतीतून किंवा कपाटाच्या फळीतून घुसवून नेऊ नका. पाच वर्षांनी बदला, चांगली दिसत असली तरी. सिलिंडर गॅलरीत ठेवायचा असेल तर तांब्याची पाइपलाइन एजन्सीच्या माणसाकडूनच टाकून घ्या.

वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या-दारं उघडी. दिव्याचं बटण चालू तर करू नकाच, चालू असेल तर बंदही करू नका, ठिणगी दोन्ही वेळा पडते. मग घराबाहेर येऊन १९०६ ला फोन. आईंना हे करून दाखवा, नुसतं सांगू नका.

शिरपूरकर
हिशेब मी देतो. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये विजेच्या साधारण १८० युनिटएवढी उष्णता असते. चांगली शेगडी त्यातली दोन-तृतीयांशच्या आसपास भांड्याला देते, म्हणजे १२० युनिट. तुमच्या काचेच्या शेगडीत सत्तरेक टक्के भांड्याला मिळते असं धरलं, तर तेवढ्याच स्वयंपाकाला १७० च्या आसपास युनिट लागतात. सिलिंडरचा भाव एका बाजूला, दुसऱ्या बाजूला तुमच्या बिलातल्या सर्वात वरच्या स्लॅबचा दर गुणिले १७०. एसी-कूलर चालतात तेव्हा वापर ३०० युनिटच्या पुढे जातो. ही युनिटं त्या महाग स्लॅबमध्ये पडतात, तेव्हा फरक ठळक दिसेल.

तरी एक साधा इंडक्शन ठेवाच. दूध, चहा, कुकर त्यावर करा. जळगावच्या मे महिन्यात गॅस पेटवला की आच हलते म्हणून पंखा बंद करावा लागतो, त्या उकाड्यात जेवढा वेळ वाचेल तेवढा चांगला. खिडकीत एक्झॉस्ट नसेल तर गॅसच्या आधी तो बसवा.

पारोळेकर
ताई, भाऊ, सगळ्यांचे आभार. पुरणाचे मांडे आई करणारच, म्हणजे हॉब बाद. स्टीलची शेगडी घेतो आणि कपाटाच्या दाराला खालून जाळी कापून घेतो. एकच राहिलं: ओट्याला पडलेल्या खाचेचं काय करू?

चाळीसगावची ताई
त्याच ग्रॅनाइटचा तुकडा खालून पट्टी देऊन बसवून घ्या आणि सांधे पक्के भरा, नाहीतर उतू गेलेलं दूध थेट सिलिंडरवर गळेल. शेगडीचे पाय त्या तुकड्यावर येऊ देऊ नका, अख्ख्या दगडावर ठेवा.