फोर्टच्या युनिव्हर्सिटी लायब्ररीत बसायला चांगली जागा कुठली?

एलएलएम_डोंबिवली
नमस्कार, मी एलएलएम पहिल्या वर्षाला आहे, फोर्ट कॅम्पस. घरी दोन खोल्या आणि पाच माणसं, त्यामुळे लेक्चर झालं की तिथेच वाचत बसायचं आणि संध्याकाळची गर्दी ओसरली की घरी जायचं असं ठरवलंय. राजाबाई टॉवरच्या लायब्ररीत जायला लागलेय पण दारापाशी सारखी ये-जा असते, मन लागत नाही. तुम्ही कुठे बसता? आणि लॅपटॉप चार्जिंगचं काय करता?

ओव्हल_समोर
वरच्या रीडिंग हॉलमध्ये बस, जिन्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं जा. सकाळी ओव्हलच्या बाजूची खिडकी मिळाली तर सोडू नकोस, पण दुपारी तीननंतर तिथून ऊठ, ती बाजू पश्चिमेची आहे, रंगीत काचांतून ऊन थेट पानावर उतरतं, दिसतं फार सुंदर पण लाल-निळ्या उजेडात बारीक टाइपातलं जजमेंट वाचायचं म्हणजे डोळ्यांची वाट लागते. घड्याळाचे टोले दर पंधरा मिनिटांनी पडतात, सुरुवातीला दचकायला होतं, मी त्यावरच अभ्यास बसवला, तीन टोले होईपर्यंत नुसतं वाचायचं आणि चौथ्यापर्यंत वहीत टिपणं काढायची. मोबाइल बॅगेतच राहतो. प्रेमचंद रायचंदांनी १८६४ मध्ये आधी लायब्ररीसाठी २ लाख आणि मग टॉवरसाठी आणखी २ लाख दिले, टॉवरला आईचं नाव द्यावं एवढंच मागितलं. अशा ठिकाणी आपल्याला रोज बसायला मिळतंय याचं मला खरंच अप्रूप वाटतं.

कुर्ला_वेस्ट
चार्जिंगच्या भरवशावर तिथे जाऊ नका ताई, जुनी इमारत आहे, पाहिजे त्या टेबलापाशी प्लग मिळेलच असं नाही, घरून फुल चार्ज करून न्या. लॅपटॉपवरचं काम जास्त असेल त्या दिवशी कालिना कॅम्पसची जवाहरलाल नेहरू लायब्ररी बघा, तुम्हाला वाटेतच आहे, कुर्ल्याला उतरून बस किंवा रिक्षा. परीक्षा जवळ आली की मात्र दोन्हीकडे लवकर गेल्याशिवाय जागा नाही. आणि एक कापडी पिशवी जवळ असू द्या, बॅग काउंटरला ठेवावी लागली की चष्मा पाकीट पेनं हातात घेऊन फिरायला नको.

काळाघोडा_वाचक
लायब्ररी बंद असेल त्या दिवसासाठी डेव्हिड ससून लायब्ररी लक्षात ठेवा, चालत पाच-सात मिनिटं. १८७० ची इमारत आहे, मागे बाग आहे, मेंबरशिप घ्यावी लागते. वरच्या आरामखुर्च्यांवर जेवण झाल्यावर बसू नका, झोप लागतेच, अभ्यासाला सरळ टेबल-खुर्चीच बरी.

एलएलएम_डोंबिवली
खूप आभार सगळ्यांचे! टोल्यांवर अभ्यास बसवायचं मला आवडलं, उद्यापासूनच करते. दुपारपर्यंत खिडकी आणि मग आतल्या बाजूचं टेबल असं करून बघते, लॅपटॉपचं काम शनिवारी कालिनाला. अजून एक, रात्री हुतात्मा चौकावरून सीएसएमटीपर्यंत चालत जाणारं कोणी आहे का? सोबत मिळाली तर आणखी थोडा वेळ बसता येईल, आणि लोकल तिथूनच सुटते म्हणजे बसायलाही मिळेल.

ओव्हल_समोर
मी असते, सोमवार ते गुरुवार. मेसेज कर.