'पिच'ला मराठीत काय म्हणायचं : तारता, चढ की पट्टी?

अर्धमात्रा : श्रवणावरच्या एका लेखाचं भाषांतर करतोय. 'पिच'साठी, म्हणजे सूर किती उंच किंवा खालचा वाटतो त्यासाठी, मी 'तारता' लिहिलं. संपादकांनी सगळीकडे 'वारंवारता' (सेकंदाला किती कंपनं, हर्ट्झमध्ये) केलं, शब्द ओळखीचा म्हणून. आता एक वाक्य झालंय, "वारंवारता म्हणजे वारंवारता नव्हे." लेखाचा मुद्दाच तो होता! वारंवारता यंत्र मोजतं, पिच कानाला जाणवतो. 400, 600 आणि 800 हर्ट्झचे सूर एकत्र वाजवा, कानाला 200 चा सूर लागतो. त्या आवाजात 200 नसतातच. या जाणिवेला शब्द हवाय.

खरज : पट्टी म्हणा की. गाणारे तेच म्हणतात.

कोमल_रे : पट्टी म्हणजे षड्ज (सा) कुठे धरला ते. एकाच पट्टीत सगळे सूर येतात. 'चढ' घ्या. सूर चढा आणि उतरा असतोच.

जुना_विद्यार्थी : तारता चांगला आहे. तार ताणली की सूर चढतो, त्यावरून आलाय. शाळेत असंच शिकवलं होतं.

अर्धमात्रा : तो 'तार' मंद्र-मध्य-तार (खालचं, मधलं, वरचं सप्तक) मधला. संस्कृतात तार म्हणजे उंच सूर.

कोमल_रे : म्हणूनच 'मंद्र सुराची तारता' कानाला खटकते.

जुना_विद्यार्थी : बुटक्या माणसाचीही उंचीच विचारतो ना आपण?

खरज : पुस्तकी शब्द कोण बोलणार? 'पिच' सगळ्यांना कळतं.

श्रुतिवेडी : शब्दाआधी एक सांगते. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं 1863 मध्ये मांडलं की आतल्या कानातली कुठली जागा थरथरते त्यावरून सूर कळतो. दुसरा पक्ष म्हणतो, मज्जातंतू कंपनांच्या ठेक्यावर संदेश देतात, मेंदू तो ठेका धरतो. चार-पाच हजार हर्ट्झच्या वर हा ठेका सुटत जातो आणि तिथे दोन सुरांतलं अंतरही नीट ओळखू येत नाही. म्हणजे षड्ज-पंचम (सा-प) हे नातं नुसतं वारंवारतेच्या 3:2 या गणितात नाही, कानाच्या मर्यादेतही आहे.

खरज : तंबोऱ्याच्या खरजातून (खालच्या सा च्या तारेतून) गंधार (ग) ऐकू येतो, तो मी रोज ऐकतो. पेटीचा गंधार त्याच्याशी जुळतच नाही.

श्रुतिवेडी : बरोबर. खरजातला स्वयंभू (आपोआप उमटणारा) गंधार सा पासून 386 सेंटवर, पेटीचा 400 वर; सा ते वरचा सा म्हणजे 1200 सेंट. सा 240 हर्ट्झचा धरा. त्याचा पाचवा उपस्वर (मूळ सुराची पाचपट; मूळ सूर पहिला धरून) 1200 वर, पेटीच्या गंधाराचा चौथा साधारण 1209 वर. सेकंदाला नऊ-दहा विस्पंद, म्हणजे दोन जवळचे सूर एकत्र वाजले की आवाज लहान-मोठा होतो ते हेलकावे! पंचमात सेकंदाला एकही पुरा होत नाही, म्हणून पेटीचा पंचम सोसवतो.

कोमल_रे : विस्पंद कशाला, 'थरथर' म्हणा. तंबोरा लावताना ती थांबली की सूर मिळाला.

जुना_विद्यार्थी : थरथर कशाचीही असते, विस्पंद दोन सुरांचेच.

अर्धमात्रा : मग 'स्वरांतर' (दोन सुरांतलं अंतर) हे तारतेतलं म्हणायचं की वारंवारतेतलं? पुढचं अख्खं प्रकरण त्याच शब्दावर आहे.

खरज : आधी तो गंधार ऐका. जवारी (घोडीवर तारेखाली दोरा सरकवून साधलेला झंकार) नीट लावून, खरजाची तार एकटी छेडा.