नुसता शिक्का नव्हे

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांनी सुचवलेल्या बड्या नेमणुकांना सिनेटची, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाची, मंजुरी लागते. ही "मंजुरी म्हणजे नुसता शिक्का" असं म्हटलं जातं, ते काही पटलं नाही. नासाच्या प्रमुखपदासाठी जिम ब्रायडनस्टाइन यांचं नाव सप्टेंबर २०१७ मध्ये आलं आणि मंजुरी मिळाली एप्रिल २०१८ मध्ये, तीही ५० विरुद्ध ४९ अशी अगदी काठावर. तोवर हंगामी प्रमुखावर गाडा चालला.

एफसीसीचं, म्हणजे दूरसंचारावर नियंत्रण ठेवणाऱ्या पाच आयुक्तांच्या आयोगाचं, तर विचारूच नका. आयुक्तपदासाठी गिगी सोन यांचं नाव २०२१ मध्ये पुढे आलं, तीन सुनावण्या झाल्या, आणि मार्च २०२३ मध्ये त्यांनीच माघार घेतली. सप्टेंबर २०२३ पर्यंत पाचवी खुर्ची रिकामी होती, मतं २-२; मग नेट न्यूट्रॅलिटीसारखा (इंटरनेट कंपन्यांनी सगळ्या वेबसाइटना सारखंच वागवावं, हे तत्त्व) वादाचा विषय तेव्हा हलणार कसा? गंमत म्हणजे आयुक्त व्हायला सिनेट लागते, पण त्यांच्यातला अध्यक्ष कोण हे राष्ट्राध्यक्ष परस्पर ठरवतात.