गोळ्या मध्येच सोडणारी मुलं: दोष कुणाचा?

घोडबंदरकर
काल 'जुना ठाणेकर' यांनी लिहिलं की सायकोसिसची (भास होणं, भलते संशय येणं, असा मानसिक आजार) औषधं तरुण मुलं सोडतात, कारण त्यांच्यात चिकाटी नाही आणि आईबाप लाड करतात. वाचून इतका संताप आला की सविस्तर लिहितोय.

माझा धाकटा भाऊ इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आजारी पडला. शेजारचे आपल्याबद्दल बोलतात, मोबाईलमधून कुणीतरी ऐकतंय, हेच दिवसरात्र. ओलॅन्झापिन या गोळीने कानात येणारे आवाज थांबले, पण वजन भराभर वाढलं. एकही जीन्स होईना, सकाळची लेक्चरं झोपेत जायची. घरचे खूश, पोरगा शांत झाला! ओपीडीत डॉक्टर बोलायचे वडिलांशी, तो बाजूला बसून. त्याला काय होतंय हे कुणी विचारलंच नाही, म्हणून त्याने गोळी सोडली. खास तरुणांसाठी काढलेल्या परदेशी केंद्रांतूनसुद्धा साधारण 30 टक्के मुलं गळतात. ती सगळी लाडावलेली का?

जुना ठाणेकर
भावनेने आजार बरा होत नाही. अमेरिकेतला 1999चा अभ्यास आहे: पहिल्या झटक्यातून सावरलेल्यांपैकी 80 टक्क्यांहून जास्त जणांचा आजार पाच वर्षांत उलटला, आणि गोळ्या थांबवल्या की धोका जवळजवळ पाचपट. माझ्या भाच्याने 'आता मी ठणठणीत' म्हणून गोळ्या बंद केल्या. पुढच्या पावसाळ्यात घरातून गेला तो इगतपुरी स्टेशनवर सापडला, अनवाणी. बहिणीची ती रात्र मी पाहिली आहे. वजनाचं नंतर बघता येतं.

वाशीची आई
तुम्ही दोघे टक्के मोजत बसा. माझी मुलगी तोंडच उघडत नव्हती. मी वरणात गोळी कुस्करून घालायचे. कुणाला काय म्हणायचं ते म्हणा.

घोडबंदरकर
ताई, रागावू नका, पण इथेच विश्वास तुटतो. जिला आधीच वाटतंय की घरचे जेवणात काहीतरी कालवतात, तिच्या जेवणात तुम्ही खरंच कालवलंत. उद्या तिला कळलं तर तिचा संशय खरा ठरला ना?

वाशीची आई
तुमच्या घरात रात्री सुऱ्या लपवून ठेवाव्या लागल्या होत्या का? नसतील तर मला शिकवू नका.

कळवा मेडिकलवाला
काउंटरवरून सांगतो, हे घरोघरी चालतं. रिस्पेरिडोन हे याच आजारावरचं पातळ औषध लोक 'पाण्यात टाकायचं द्या' म्हणूनच मागतात. त्याच औषधाने मुलींची पाळी थांबू शकते, मुलांना लैंगिक त्रास होतो. कुणाला सांगणार? गुपचूप देणाऱ्या आईला तर ती तक्रार कधी ऐकूच येणार नाही. महिन्याला एक इंजेक्शन हा पर्याय आहे, तो निदान उघडपणे तरी असतो. आणि 2017च्या मानसिक आरोग्याच्या कायद्याप्रमाणे उपचाराला रुग्णाची संमती लागते.

जुना ठाणेकर
म्हणजे आता आईवर केस करा! कायदा लिहिणाऱ्यांनी एक रात्र अशा घरात काढावी. ताई, तुम्ही केलंत ते बरोबर केलंत.

घोडबंदरकर
केसचं नाव तुम्ही काढलंत, आम्ही नाही.

नेरूळचा
मी रुग्ण आहे. माझ्याबद्दलच चाललंय, म्हणून बोलतो. एकदा औषध सोडलं, कारण ओपीडी सकाळची आणि नोकरी ऐरोलीत. दर वेळी सुट्टीला काय कारण सांगायचं? रूममेटसमोर गोळीची पट्टी काढायचीही सोय नव्हती. आता टिकलोय, कारण नव्या डॉक्टरांनी मला बाहेर न पाठवता आईबाबांना पाठवलं, 'तुला काय हवंय' विचारलं, गोळी रात्रीवर नेली आणि डोस हळूहळू उतरवला. नेदरलँड्समधल्या 2013च्या अभ्यासात सुरुवातीलाच असा डोस उतरवलेल्यांपैकी 40 टक्के सात वर्षांनी पुरते सावरले होते, त्याच डोसवर ठेवलेल्यांपैकी 18.

जुना ठाणेकर
आणि इंग्लंडचा 2023चा? डोस कमी केलेल्यांत आजार जास्त उलटला आणि रोजच्या जगण्यात फायदा शून्य. तो सोयीस्करपणे विसरलात.

नेरूळचा
ते जुने, वारंवार आजार उलटलेले रुग्ण होते. पहिल्या झटक्यानंतरची मुलं नव्हेत.

जुना ठाणेकर
बरं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवला, एवढं मान्य. स्वतःच्या मनाने सोडण्याला माझा विरोध कायम आहे. भाच्याला मात्र कुणी असं विचारलं नव्हतं, हेही खरं.

वाशीची आई
नेरूळच्या बाळा, एक विचारते. मुलगी आता स्वतःच्या हाताने गोळी घेते. वरणाचं तिला सांगू का?

नेरूळचा
सांगा काकू. घरी नको, तिच्या डॉक्टरांसमोर सांगा. ती चिडेल, काही दिवस बाहेरचं खाईल. खाऊ द्या. पण दुसऱ्या कुणाकडून कळलं तर ती गोळी परत सोडेल, हे मी स्वतःवरून सांगतो.

जुना ठाणेकर
अजिबात सांगू नका. नीट चाललंय ते चालू द्या.