अंगणात पाणी साचतंय, लॉन पिवळी पडून गालिच्यासारखी उचलून येतीय, काय करू?

विश्रामबाग_अंगण
नमस्कार मंडळी. सांगलीत विश्रामबागला घर आहे, मागं-पुढं मिळून ८०० स्क्वेअर फूट मोकळी जागा, सगळी काळी माती. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंच्या हौसेनं तयार लॉन आणून अंथरली, पहिलं वर्ष झकास होती. आता गणपतीपासून मधे मधे पिवळे ठिपके पडलेत आणि हातानं ओढलं की तुकडाच्या तुकडा उचलून येतोय, मला वाटलं पाणी कमी पडतंय म्हणून पाणी वाढवलं, मग यूरिया टाकला, तरी ठिपके मोठेच होत चाललेत. कंपाउंडच्या कडेला पाऊस झाला की दोन-तीन दिवस पाणी तुंबतं, डास तर विचारू नका. त्याच कडेला लिंबू आणि कढीपत्ता आहे, दोघांचीही कोवळी पानं पिवळी अन शिरा तेवढ्या हिरव्या. वरून लव्हाळा, कितीही उपटा आठवड्यात परत हजर. नर्सरीवाले म्हणतात एक ब्रास वाळू टाका, सगळं सुटेल. टाकू का? पाणी बोअरचं आहे, बादलीला पांढरा थर बसतो. सासूबाई रोज सकाळी त्या लॉनकडं बघत बसतात, त्यांचं तोंड बघवत नाही हो.

कृष्णाकाठ
ताई आधी यूरिया बंद करा. आणि आजच एक काम करा, पिवळ्या ठिपक्याच्या कडेला, म्हणजे जिथं पिवळं संपून हिरवं चालू होतं तिथं, एक फूट बाय एक फूट माती चार-सहा इंच उकरा. पांढरी, इंग्रजी सी सारखी वळलेली, तपकिरी डोक्याची अळी दिसली तर ती हुमणी. मुळं खाल्ली की गवताला धरून ठेवायला काही उरत नाही म्हणून तुकडा उचलून येतो, नुसत्या पाण्याच्या कमतरतेनं असं होत नाही. आमच्या उसात दरवर्षी हीच मारामारी. ऑगस्ट ते ऑक्टोबर अळी मोठी असते आणि सगळ्यात जास्त खाते, त्यामुळं तुमचा गणपतीचा हिशोब बरोबर जुळतो.

जवळ कडुलिंब किंवा बाभूळ आहे का? वळवाचा पहिला पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे, म्हणजे याच अळीचे मोठे झालेले किडे, संध्याकाळी जमिनीतून निघतात आणि या झाडांवर पाला खायला जमतात, मग खाली येऊन अंडी घालतात. वर्षाला एकच पिढी, म्हणजे मे-जूनला भुंगेरे पकडले तर पुढचं वर्ष बरंच सुखाचं जातं. दिवस मावळल्यावर झाडाखाली जुनी साडी अंथरायची, फांद्या हलवायच्या, पडले की साबणाच्या पाण्यात. रॉकेल आता कुठं मिळतंय.

मुरमाड_सातारा
वाळूचं मी सांगतो, मी टाकली आणि फायदा झाला. अजिंक्यताऱ्याच्या बाजूला घर आहे, दोन पावसाळे झाले, पाणी अजिबात थांबत नाही. नर्सरीवाल्याचं ऐका.

मिरज_वाफसा
दादा तुमची जागा मुरमाड आणि उताराची, तिथं पाणी तसंही थांबलं नसतं. सांगली-मिरजेची काळी माती वेगळी, भिजली की फुगते आणि वाळली की हात जाईल एवढ्या भेगा. तिच्यात थोडी वाळू मिसळली तर फरक पडत नाही, उलट घट्ट बसते, फरक पडायला निम्म्याच्या आसपास वाळू लागंल आणि तेवढी टाकण्यापेक्षा तेच पैसे चर काढायला घाला.

ताई, आधी एक फूट खोल खड्डा काढून पाण्यानं भरा, जिरलं की परत भरा, दुसऱ्यांदा किती वेळ लागतो ते बघा. रात्रभर पाणी उभं राहिलं तर वरून काहीही टाकून उपयोग नाही. कंपाउंडच्या आतून फूटभर खोल चर घ्या, दर दहा फुटाला दीड इंच उतार द्या, तळाला विटांचे रोडे आणि खडी, त्यात भोकं पाडलेला पीव्हीसी पाईप, वरून परत खडी, आणि शेवट गटाराला सोडा, शेजाऱ्याच्या अंगणात नको. वाळवा-मिरज भागात क्षारपड रानात जमिनीखाली सच्छिद्र पाईप घालतात ना, तीच गोष्ट छोट्या प्रमाणात. माती वाफशाला आल्यावरच, म्हणजे ना चिखल ना कोरडी असताना, खणा, ओल्यात खणली तर ढेकळं होतात आणि वर्षभर तशीच राहतात.

लिंबू-कढीपत्त्याला लोह मिळत नाही. मातीत चुना जास्त, पाणी जड, त्यात मुळं दोन-दोन दिवस पाण्यात. हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचं खत) बुडाशी टाकू नका, असल्या मातीत ते लगेच अडकून बसतं. लिटरला पाच ग्रॅम हिराकस, चिमूटभर सायट्रिक ॲसिड, ऊन उतरल्यावर पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी परत. पण पाणी काढल्याशिवाय पान हिरवं टिकणार नाही, ते पहिलं.

कृष्णाकाठ
+१. जिप्समचं कोणी सांगितलं तर माती तपासल्याशिवाय टाकू नका, ते सोडियममुळं चिकट-कडक झालेल्या चोपण मातीला लागू पडतं, चुनखडीला नाही. मृद चाचणी प्रयोगशाळेत अर्धा किलो नमुना द्या. लव्हाळ्याला खुरपं नको, वरचं पान तुटतं आणि खाली गाठींची माळ तशीच राहते. वाफशाला काट्यानं खालून उकरून गाठीसकट काढा, उरलेला दर आठवड्याला खुडा, गाठ उपाशी मरते. ओल त्याला आवडते, चर झाली की निम्मा जोर आपोआप कमी होईल.

विश्रामबाग_अंगण
आज सकाळी उकरलं. एका फुटात चौदा अळ्या निघाल्या!! शेजाऱ्यांचा कडुलिंब आमच्या भिंतीवरच झुकलाय, आता कळलं. खड्डा काल संध्याकाळी दुसऱ्यांदा भरलेला, सकाळी सातला निम्मं पाणी तसंच. वाळू कॅन्सल केली. अळ्यांवर औषध कोणतं घालू, नातू दिवसभर त्याच गवतात लोळत असतो.

मिरज_वाफसा
नातू आहे तर कडक औषध नकोच. ठिपक्यांची लॉन गुंडाळून बाजूला करा, माती सहा इंच उकरा, अळ्या वेचा, साळुंख्या उरलेल्या खातील. मग मेटारायझियम, म्हणजे अळ्यांना रोग लावून मारणारी बुरशी, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून संध्याकाळी ओल्या मातीत घाला, कच्चं शेण अजिबात नको. मोठ्या अळीवर तिचा परिणाम कमी, म्हणून वेचणं महत्त्वाचं. लॉन आता परत लावू नका, चर पूर्ण होऊ द्या. सासूबाईंना तोवर एक फूट उंच वाफा करून द्या, शेवंती लावा.

विश्रामबाग_अंगण
वाफ्याचं ऐकून सासूबाई लगेच उठल्या, जागा पण दाखवली. रविवारी गवंडी येतोय, चरीचा उतार दोरी लावून स्वतः मोजून घेते.