मदत हवी आहे: नोकरी सोडून एमबीएला जाऊ का? लवकर सांगा

ढिला_बोल्ट
लोकहो, डिझाइनमधे आहे, कंटाळलोय. म्हणजे कामाला नाही कंटाळलो, बाकी सगळ्याला. तेच ड्रॉइंग, तेच रिव्हिजन, ठरवणारे वेगळे आणि निस्तरायला आम्ही. एमबीए करायचं जवळजवळ पक्कं आहे, घरी निम्म्यांना पटलंय. सोडू की नको एवढंच सांगा. 'मनाचं ऐक' वगैरे नको, मन रोज वेगळं बोलतंय. घाई आहे.

आकडेमोड
किती वर्षं झाली नोकरीला? शाखा कोणती? फुल टाइम की वीकेंडचं? फी स्वतःची की कर्ज? काहीच न सांगता 'सोडू की नको' म्हणजे डॉक्टरला फोन करून 'दुखतंय, गोळी सांगा' म्हणण्यासारखं झालं.

उगाचच
आधी जीमॅटच्या, म्हणजे एमबीए प्रवेशाच्या परीक्षेच्या तयारीला लागा. सहा महिने तरी हवेत. जॉमेट्री पक्की करा आणि सेंटेन्स करेक्शन रोज वीस तरी सोडवा, मी तसंच केलं होतं.

तिसरी_शिफ्ट
@उगाचच, कुठल्या काळात आहात? नोव्हेंबर २०२३ पासून नवीन जीमॅट आलीय. जॉमेट्री गेली, सेंटेन्स करेक्शन गेलं, निबंधही गेला. आता ४५-४५ मिनिटांचे तीन विभाग, एकूण ६४ प्रश्न.

ढिला_बोल्ट
अहो जीमॅट झालीय माझी! ६४५ आले. मेकॅनिकल, सहा वर्षं. जीमॅटचं मी विचारलंच नव्हतं.

उगाचच
६४५ जरा कमीच वाटतात. पुन्हा द्या.

तिसरी_शिफ्ट
शेवटी ५ आहे म्हणजे नव्या परीक्षेतले. नवीन स्केल २०५ ते ८०५ आहे, जुनं २०० ते ८०० होतं, दोन्हीची थेट तुलना होत नाही. नव्यात ६४५ चांगले आहेत. त्यांना घाबरवू नका उगाचच. (आयडीवर कोटी नाही, खरंच तसं म्हणायचंय.)

जुनी_खुर्ची
मी नऊ वर्षांनी सोडली होती, तेव्हा अनुभवाचं सांगते. लाइन बदलायची असेल तर फुल टाइमच करा, आणि तेही दोन वर्षांचं. पहिल्या वर्षानंतर उन्हाळ्यात जी इंटर्नशिप मिळते ना, खरी किंमत तिची आहे. नवीन क्षेत्रात कुणी तुम्हाला आधी वापरून बघतं, तुम्हीही त्यांना बघता. माझी नोकरी तिथूनच लागली. वर्गात जे शिकले त्यातलं अकाउंटिंग सोडलं तर फार काही आठवत नाही, खरं सांगायचं तर.

आकडेमोड
ताई, आणि दोन वर्षांचा पगार गेला त्याचं काय? लोक फक्त फी मोजतात. फी अधिक बुडालेला पगार अधिक कर्जाचं व्याज अधिक मधे हुकलेली बढती, हा खरा खर्च. नडेलांनी मायक्रोसॉफ्टमधली नोकरी न सोडता शिकागोला शनिवार-रविवार विमानाने जाऊन एमबीए केलं, १९९७ ला झालं. नोकरी न सोडताही होतं की.

जुनी_खुर्ची
नडेला त्याच कंपनीत राहिले हो, त्यांना लाइन बदलायचीच नव्हती! आणि पुढे सीईओ झालेल्या माणसाचं उदाहरण देऊन काय उपयोग, वीकेंडवाले बाकीचे शेकडो लोक कुठे गेले ते सांगा.

तिसरी_शिफ्ट
मधला मार्ग म्हणजे कंपनीकडून फी घ्या. मेरी बारा इलेक्ट्रिकल इंजिनिअर, जनरल मोटर्सच्या फेलोशिपवर स्टॅनफर्डला गेल्या, १९९० ला एमबीए, पुढे त्याच कंपनीच्या सीईओ झाल्या. फक्त परत येऊन किती वर्षं थांबायची अट आहे ते बारीक अक्षरात असतं, तेवढं वाचा.

स्पष्टवक्ता
एमबीए करून शेवटी काय, चांगला इंजिनिअर जातो आणि एक्सेल रंगवणारा अजून एक मॅनेजर तयार होतो.

जुनी_खुर्ची
एक्सेल रंगवते मी रोज. तुमचा प्रोजेक्ट कुणी मंजूर करून घेतला असेल तर अशाच एखाद्या रंगीत शीटवर घेतला असेल.

स्पष्टवक्ता
मंजूर? तीन वेळा पुढे ढकलला हो!

आकडेमोड
वाद घालून धागा भलतीकडे नेऊ नका. @ढिला_बोल्ट, घाई कसली आहे ते अजून कळलं नाही.

ढिला_बोल्ट
सांगायचं राहिलं. ॲडमिशन मिळालंय. फुल टाइम, दोन वर्षं. जागा राखायची रक्कम शुक्रवारपर्यंत भरायची आहे, ती परत मिळत नाही.

आकडेमोड
अहो हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं!!

तिसरी_शिफ्ट
तासभर आम्ही जीमॅट शिकवतोय यांना.

जुनी_खुर्ची
बरं. एमबीए झाल्यावर सोमवारी सकाळी नक्की कुठलं काम करताना दिसताय स्वतःला? पद नको, काम सांगा.

ढिला_बोल्ट
कुठलं प्रॉडक्ट करायचं, कुठलं बंद करायचं, किंमत किती, हे जिथे ठरतं तिथे बसायचंय. आमच्याकडे प्रॉडक्टची टीम आहे, तसलं काहीतरी.

जुनी_खुर्ची
त्याच कंपनीत आहे? मग त्यांच्याकडे जायचं विचारलंत का कधी?

ढिला_बोल्ट
थेट नाही. दोन वर्षांपूर्वी मॅनेजर बोलता बोलता म्हणाला होता की तिकडे एमबीएवालेच घेतात.

आकडेमोड
म्हणजे एका माणसाच्या एका वाक्यावर तुम्ही परीक्षा दिली, प्रवेशअर्जाचे निबंध लिहिले, मुलाखत दिली आणि आता कर्ज काढताय. त्या टीममधे किती जण एमबीए आहेत ते तरी बघितलं का?

ढिला_बोल्ट
आता बघितलं. सात जणांत तीन.

जुनी_खुर्ची
तीन म्हणजे अगदी कमीही नाहीत हं, @आकडेमोड, लगेच कॉलर टाइट करू नका. माझं मत तेच आहे, पण शुक्रवारच्या आत दोन गोष्टी करा. कॉलेजला विचारा प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येतो का, काही ठिकाणी देतात, काही ठिकाणी सरळ नाही म्हणतात. आणि प्रॉडक्टच्या हेडला स्वतः भेटा, मॅनेजरच्या मार्फत नाही.

ढिला_बोल्ट
कॉलेजला मेल टाकला. हेडने उद्या अकराला पंधरा मिनिटं दिलीत. पोटात गोळा आलाय, मुलाखतीलाही आला नव्हता एवढा.

उगाचच
जीमॅटचा स्कोअर पाच वर्षं चालतो, त्यामुळे यंदा नाही गेलात तरी टेन्शन नको. पण पुन्हा दिलीत तर बरं.