विद्यार्थ्यांच्या कामाच्या संग्रहात प्रबंधाखेरीज काय ठेवावे?

टिपणवही (प्रश्न)

आमच्या विभागात विद्यार्थ्यांच्या कामाचा कायमस्वरूपी डिजिटल संग्रह उभारायचे ठरले असून त्याची नियमावली लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. भाषाभ्यास, दृश्यकला आणि संगणनशास्त्र अशा तीन शाखांचे विद्यार्थी येथे एकत्र शिकत असल्यामुळे वर्षाअखेरीस जे जमा होते ते एका साच्यात बसत नाही. पीएच.डी.चे प्रबंध आणि पदव्युत्तर लघुशोधप्रबंध ठेवावेत याबद्दल कोणाचेच दुमत नाही. वाद आहे तो सत्रनिबंध, परिषदेत लावलेली भित्तिपत्रे, अनुवाद, लघुपट, संगणक-प्रणाली, क्षेत्रकार्यात टिपलेले शब्दसंग्रह आणि कवितांची हस्तलिखिते यांच्याबद्दल. परीक्षकांनी तपासून मान्य केलेले तेवढेच संग्रहात यावे, बाकीचा अभ्यासाचा कच्चा माल समजावा, असे एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे स्पष्ट मत आहे.

मलाही आरंभी ते पटले होते; पण गेल्या सत्रातील एका सबमिशनने मला अडवले. एका विद्यार्थिनीने कथेचा अनुवाद बारा पानांत दिला होता आणि त्याला चाळीस पानांची टिपणे जोडली होती. कथेतल्या म्हातारीच्या तोंडचे एकच वाक्य तिने नऊ प्रकारे लिहून आठ वेळा खोडले होते. जवळजवळ प्रत्येक खोडलेल्या ओळीशेजारी, समासात, ती ओळ का नको याचे कारण होते: एक फार शहरी वाटते, एकीत म्हातारीचा राग उरत नाही, एक नुसती सुंदर आहे. अनुवाद चांगला होता, टिपणे मात्र त्याहून चांगली होती, आणि आमच्या गुणदानात टिपणांना एकही गुण नव्हता. संग्रहात काय घ्यावे हे ठरवताना आपण कोणता निकष लावता, हे अनुभवी सदस्यांनी सांगितल्यास उपकृत होईन.

शून्याधार

टिपणवही, आपल्या सहकाऱ्यांचा निकष सोयीचा आहे, कारण त्यात निर्णय परीक्षकांवर सोपवून मोकळे होता येते. परंतु कामाचा औपचारिक दर्जा आणि त्याचे मोल यांची जोडी नेहमी जुळत नाही. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रशिक्षण विद्यापीठात १९५१ साली प्राध्यापक रॉबर्ट फॅनो यांनी माहिती-सिद्धांताच्या वर्गाला अंतिम परीक्षा किंवा सत्रनिबंध यांपैकी एक निवडण्याची मुभा दिली होती. डेव्हिड हफमन या विद्यार्थ्याने निबंध निवडला. विषय होता चिन्हांसाठी सर्वांत किफायतशीर, म्हणजे कमीत कमी जागा घेणारी, संकेतावली शोधण्याचा, आणि त्यावर खुद्द फॅनो यांनाही निर्णायक उत्तर सापडले नव्हते. कंटाळून हफमन परीक्षेच्या अभ्यासाला लागण्याच्या बेतात असताना त्यांना सुचले की मांडणी वरून खाली करण्याऐवजी सर्वांत क्वचित येणारी दोन चिन्हे आधी जोडून खालून वर करावी. १९५२ मध्ये ते काम शोधनिबंध म्हणून प्रसिद्ध झाले, आणि आज आपण झिप फाइल उघडतो किंवा जेपेग छायाचित्र पाहतो तेव्हा तीच युक्ती वापरात असते. क्लॉड शॅनन यांनी विद्युत्‌मंडलांना बूलचे (खरे-खोटे या दोनच मूल्यांचे) बीजगणित लावून दाखवले तेही १९३७ च्या पदव्युत्तर प्रबंधात, डॉक्टरेटच्या नव्हे.

अशी उदाहरणे विरळा असतात हे मान्य करूनच मी ती देत आहे. बहुतेक सत्रनिबंधांतून असे काही निघत नाही आणि निघावे अशी अपेक्षा ठेवणेही अन्यायाचे आहे. माझा आग्रह साध्या कामांसाठी आहे. प्रसिद्ध झालेला एखादा प्रयोग विद्यार्थी पुन्हा करून पाहतो आणि त्याला तो निष्कर्ष मिळत नाही. अशा अहवालाला नियतकालिके फारशी विचारत नाहीत, पण पुढच्या वर्षी त्याच वाटेने जाणाऱ्या विद्यार्थ्याचे अख्खे सत्र त्यामुळे वाचू शकते. म्हणून मी विचारतो तो प्रश्न एवढाच: हे काम दुसऱ्या कोणाला पुढे नेता येईल का?

प्रणालीच्या बाबतीत एक व्यावहारिक सूचना करतो. माझ्या हाताखालच्या एका प्रकल्पाची प्रणाली आम्ही अहवालाच्या पीडीएफमध्ये छापील स्वरूपात जपली होती. चार वर्षांनी ती चालवण्याची वेळ आली तेव्हा ओळींचे क्रमांक मजकुरात मिसळलेले, समास गेलेला आणि कोणत्या आवृत्तीच्या कोणत्या लायब्ररी (तयार सहायक प्रणाली) लागतात याचा कुठे उल्लेख नाही, अशी अवस्था होती. मूळ फाइली, चालवण्याच्या सूचना आणि नमुना विदा (डेटा) हे तिन्ही सोबत असल्याशिवाय प्रणाली स्वीकारू नये.

विंगेतून

मी नाट्य आणि रंगमंच-आकल्पन शिकवते, त्यामुळे माझी अडचण वेगळी आहे. विद्यार्थ्याने जे निर्माण केले ते प्रयोग संपताच संपलेले असते. एका कोपऱ्यात कॅमेरा ठेवून केलेले चित्रीकरण पुष्कळदा दिशाभूल करते, कारण प्रेक्षकाची नजर जिथे वळावी म्हणून विद्यार्थ्याने खटपट केलेली असते तिथे कॅमेरा पाहतच नाही. आम्ही चित्रीकरण ठेवतो, पण त्याहून जास्त भरवसा तालमीच्या संहितेच्या प्रतीवर, नेपथ्याच्या आराखड्यांवर आणि प्रकाशयोजनेच्या तक्त्यावर ठेवतो. माझ्या दृष्टीने तालमीची प्रत हा सर्वांत बोलका पुरावा आहे: सहाव्या पानावर ‘थांब’ असे तीनदा लिहून तीनदा पुसलेले दिसले की दिग्दर्शक विद्यार्थ्याने तो विराम कसा कमावला हे कळते. टिपणवही यांच्या विद्यार्थिनीची चाळीस पाने याच जातीची आहेत.

सर्जनशील कामाला लेखी निवेदन जोडायला लावावे की नाही, यावर आमच्याकडे बरीच वादावादी झाली. माझे मत निवेदनाच्या बाजूचे आहे, मात्र ते छोटे असावे. व्हिएतनाम युद्धातील अमेरिकन सैनिकांच्या स्मारकासाठी १९८१ मध्ये झालेल्या खुल्या स्पर्धेत १,४२१ प्रवेशिका आल्या होत्या आणि निवड झाली ती येल विद्यापीठात पदवीचे शिक्षण घेणाऱ्या एकवीस वर्षांच्या माया लिन यांची. स्मृतिवास्तूंवरील एका अभ्यासवर्गातून त्यांचे आकल्पन आकाराला आले होते. चित्रे खडूची, अगदी मोजकी होती; जमिनीत उतरत जाणारी काळी भिंत त्यांतून पटकन उलगडत नाही. सोबतच्या एका पानी निवेदनात मात्र त्या वास्तूतून चालत जाणे कसे असेल ते सांगितले होते. निवेदन असावे ते असे. त्याऐवजी आपण विद्यार्थ्यांना तीस पानांची सैद्धांतिक भूमिका लिहायला लावतो आणि मग चित्रापेक्षा भूमिकाच जास्त काळजीने तपासतो. (हे मी स्वतःलाही उद्देशून लिहीत आहे.)

सूचिकार

ग्रंथालयाच्या बाजूने दोन-तीन गोष्टी सांगतो, आणि आधी थोडा विरोध नोंदवतो. ‘पुढे नेता येईल ते सर्व ठेवा’ हा शून्याधार यांचा निकष उदार आहे, पण नोंद नीट न झालेली हजार कामे ठेवणे म्हणजे ती हरवण्याचा शिस्तबद्ध मार्ग होय. ‘अंतिम’, ‘अंतिम-नवीन’ आणि ‘खरेच-अंतिम’ अशा नावांच्या तीन फाइली एका प्रकल्पाखाली सापडल्या की कोणती खरी हे ठरवायला विद्यार्थी तेथे नसतो. कामाचा प्रकार, भाषा, वर्ष, कोणाचा किती सहभाग, कोणत्या साधनांनी केले आणि वापराची परवानगी काय, एवढी नोंद सबमिशनच्याच वेळी भरून घ्यावी. नंतर ती कोणीही भरत नाही.

परीक्षकांनी मान्य केलेले तेवढेच घ्यावे, या मतावर मात्र मी एक उदाहरण जरूर ठेवीन. खगोलशास्त्राच्या विद्यार्थिनी सेसिलिया पेन यांच्या १९२५ च्या प्रबंधात ताऱ्यांमध्ये हायड्रोजन आणि हेलियम यांचे प्रमाण इतर मूलद्रव्यांच्या मानाने प्रचंड असल्याचे दिसून आले होते. हेन्री नॉरिस रसेल या मातब्बर खगोलशास्त्रज्ञाने त्याला हरकत घेतली आणि पेन यांनी आपल्याच निष्कर्षापुढे ‘हे प्रमाण जवळजवळ निश्चितपणे खरे नाही’ अशा अर्थाचे वाक्य घातले. १९२९ मध्ये रसेल स्वतः त्याच निष्कर्षाला पोचले. प्रबंधाच्या मजकुरावर वडीलधाऱ्यांच्या मताची छाया पडली, आकडे मात्र तेच राहिले. म्हणून प्रबंधासोबत मूळ मापने, तक्ते आणि मुलाखतींची टिपणेही ठेवावीत, असे मी आग्रहाने सांगतो.

अर्थात मुलाखतींच्या टिपणांत तिसऱ्या माणसाची खासगी माहिती असते आणि त्याच्या संमतीवाचून ती उघड करता येत नाही. विद्यार्थ्याचीही संमती स्वतंत्रपणे घ्यावी, ती गुणांशी जोडू नये, आणि काही काळ काम बंद ठेवण्याची सोय द्यावी. ज्याला आपल्या कविता पुढे पुस्तकरूपाने काढायच्या आहेत, किंवा ज्याच्या उपकरणावर पेटंटचा अर्ज व्हायचा आहे, त्याच्यासाठी घाईने केलेले प्रकाशन नुकसानीचे ठरते. विसाव्या वर्षी लिहिलेले सगळेच आयुष्यभर आपल्या नावाने शोधात सापडत राहावे, असे कोणाला वाटत नसेल तर त्यालाही मान द्यायला हवा.

टिपणवही

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मसुद्यात प्रकारांची बंद यादी देण्याचा विचार मी सोडून दिला आहे. त्याऐवजी काम, त्याच्या घडणीचा एखादा पुरावा आणि एका पानापेक्षा मोठे नसलेले निवेदन, अशी रचना सुचवली आहे. घडणीचा पुरावा म्हणजे काय हे प्रत्येक शाखेने ठरवावे. संमतीचा अर्ज गुण जाहीर झाल्यानंतरच द्यायचा, हे कलमही घातले आहे. ज्येष्ठ सहकाऱ्यांची हरकत अद्याप कायम आहे, पण पेन यांचे उदाहरण त्यांनी लिहून घेतले.

अनुवादाच्या त्या विद्यार्थिनीला मी काल पत्राने विचारले. तिने संमती दिली आहे, मात्र मुखपृष्ठावरचा परीक्षा क्रमांक झाकावा आणि म्हातारीच्या वाक्याचा पहिला खर्डा देऊ नये, अशी विनंती केली आहे. तो इतका वाईट आहे की त्याचे कारणसुद्धा समासात लिहवले नव्हते, असे ती म्हणते. पहिला खर्डा वगळून उरलेली पाने स्कॅनिंगला पाठवली आहेत.